उजव्या हाताची सवत

माझे नाव, वय आणि राहण्याचे ठिकाण वकीलसाहेबांनी पहिल्या पानावर टाइप करून लावलेच आहे, ते पुन्हा लिहून शाई फुकट घालवीत नाही. इथून पुढचे अक्षर माझे. मी शाळेतला निवृत्त चित्रकला शिक्षक, आणि लिनोवर, म्हणजे लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर, माणसांची चित्रे कोरून छापणारा. गुडघे गेले, कान अर्धे गेले, हाताला कंप आहे. डोके मात्र शाबूत आहे, आणि ते शाबूत आहे म्हणूनच इतका वैताग येतो. हे मी राजीखुशीने लिहीत आहे. दडपण आणायचा प्रयत्न दोघांनी केला, एक माझा मुलगा आणि दुसरा गॅलरीवाला. त्यांची नोंद खाली योग्य जागी येईल. याआधीचे एक मृत्युपत्र मुलाने आपल्या कंप्युटरवर तयार करून माझ्यापुढे सहीला ठेवले होते. ते याद्वारे रद्द. त्यात माझ्या आयुष्यभराच्या कामाला ‘इतर सामान’ असे म्हटले होते.

कलम १. राहते घर मुलगा आणि मुलगी यांना समसमान. मुलाला स्वयंपाकघर आणि मागची खोली यांमधली भिंत पाडून मोठा हॉल करायचा आहे, हे तो मी झोपलो आहे असे समजून फोनवर बोलला. खुशाल पाडावी. फक्त मागच्या खोलीच्या फरशीवरचे काळे डाग निघणार नाहीत. त्याच्या आईने रॉकेलपासून लिंबापर्यंत सगळे करून पाहिले आणि शेवटी त्यावर चटई टाकली.

कलम २. बँकेतल्या शिल्लकीतून माझ्या अंत्यविधीचा खर्च भागवून उरेल ते दोघांनी वाटून घ्यावे. फार अपेक्षा ठेवू नये.

कलम ३. लिनो कोरायची माझी सगळी पाती, लाकडी मुठींसकट, आमच्या शाळेत हल्ली चित्रकला शिकवणाऱ्या बाईंना द्यावीत. शाळेने लिनो बंद केला आहे. बोटे कापतात, पालक तक्रार करतात. माझ्या वर्गात बोटे कापली, मी पट्ट्या बांधल्या, आणि त्याच पट्टी बांधलेल्या बोटांनी पोरांनी कागदाचे टोक उचलून आपले चित्र उलटे होऊन आलेले पाहिले. तेव्हाचे त्यांचे चेहरे आता कोणी बघणार नाही. हल्ली त्या तासाला मुले तयार आकृत्या रंगवतात. बाईंनी मला हळू आवाजात विचारले होते, “सर, घरी शिकवलं तर चालेल ना?” चालेल. माझ्या पात्यांनी शिकवा.

त्यांच्यासाठी दोन सूचना. थंडीत लिनो कडक होतो आणि पाते घसरते, तेव्हा तो आधी ऊबदार करावा. मी तो खुर्चीत ठेवून त्यावर बसत असे आणि तोंडाने कविता म्हणत असे. माझी पत्नी दारातून डोकावून विचारायची, “अहो, पिल्लं कधी बाहेर येणार?” दुसरी सूचना रोलरची. काचेवर शाई पसरताना भुजंगप्रयात म्हणावा. लगागा लगागा लगागा लगागा. ओळ संपली की रोलर उचलायचा, फिरवायचा, पुढची ओळ. शाई सायीसारखी सारखी पसरते. हे मी एकदा कलाशिक्षकांच्या मेळाव्यात सांगितले तर सभागृह हसले. मी विनोद केलेला नव्हता.

रुंद रोलर माझ्या मेव्हण्याकडे आहे. त्याने तो एका दिवसाच्या बोलीने नेला आणि त्याने बागेचे फाटक रंगवले, हिरवे. तो त्याला कायमचा दिला असे समजावे, म्हणजे रस्त्यात मी दिसलो की समोरच्या दुकानात शिरायची पाळी त्याच्यावर येणार नाही. फाटकही धड रंगलेले नाही.

कलम ४. कवितेची पुस्तके. ही कुठली दुर्मीळ पुस्तके नव्हेत, शाळेचीच क्रमिक पुस्तके आहेत, खाकी कागदाची कव्हरे घातलेली. माझ्या चित्रकलेच्या वर्गाला लागून भाषेचा वर्ग होता आणि मधली भिंत पातळ होती. तिकडच्या बाई कविता चालीवर म्हणून घ्यायच्या आणि इकडे माझी मुले पेला आणि सफरचंद काढायची. कितीतरी कविता मला अशा भिंतीतून पाठ झाल्या. पण शेवटची कडवी येत नाहीत, कारण तोवर घंटा व्हायची. पुढे निवृत्त झाल्यावर मी ती पुस्तके जमवली आणि राहिलेली कडवी वाचली. पुष्कळांची निराशा झाली. मनातल्या मनात मी ज्या कविता पुऱ्या केल्या होत्या त्या बऱ्या होत्या.

ही पुस्तके त्या भाषेच्या बाईंनाच द्यायची होती, पण त्या या कागदावर साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देता येत नाही, असे वकीलसाहेब म्हणाले. म्हणून आज सकाळीच पिशवीत घालून जिवंतपणी देऊन टाकली. कलम ४ संपले.

कलम ५. माझ्याबरोबर एका बाकावर शिकलेला आणि आता ज्याला सगळे प्राध्यापक म्हणतात तो. त्याने एका लेखात लिनोला फरशीचा तुकडा म्हटले आणि माझ्या माणसांना आक्रस्ताळी. लेखात माझे नाव नव्हते, पण हमालाच्या चित्राचे वर्णन होते आणि तसा हमाल दुसऱ्या कोणी कोरलेला नाही. त्या हमालाचा खांदा मी कोरला तेव्हा पाते अडत होते, जोर लावला की लिनो फाटत होता, आणि ती फाटकी रेघ मी तशीच ठेवली. आयुष्यभर ओझे वाहिलेल्या खांद्याची रेघ गुळगुळीत कशी असेल? हे त्याला कळायला हवे होते. पूर्वी कळायचे. त्याला माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. निधनाची बातमी कळवावी, पण दोन शब्द बोलायला सांगू नये. तो दोनवर थांबत नाही.

कलम ६. आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी हा कागद लिहायला घेतला.

कामाच्या माणसांची मी एक चित्रमालिका केली: हमाल, न्हावी, इस्पितळातल्या चादरी पिळणारी, बस धुणारा आणि शिंपीण. गॅलरीवाल्याच्या मध्यस्थीने एका संग्रहालयाने ही अख्खी मालिका विकत घेतली आहे. करारावर माझी सही आहे. छपाई पुरी झाली की ठशावर, म्हणजे कोरलेल्या लिनोवर, तिरकी रेघ कोरून तो बाद करायचा, म्हणजे मागाहून कोणी चोरून प्रती काढू नयेत, असा आमच्या धंद्यातला रिवाज आहे. रिवाज योग्य आहे. हमालावर, न्हाव्यावर, चादरीवालीवर आणि बसवाल्यावर मी स्वतः या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली. हात जड झाला, पण ओढली.

राहिली शिंपीण. ती माझी पत्नी.

तिचे शिवणाचे दुकान होते, रस्त्याला तोंड करून, एका खिडकीएवढे. ती डावखुरी होती. कात्री डाव्या हाताची, मुद्दाम करून घेतलेली. दुसऱ्या कोणी धरली तर कापड कापायची नाही, चावायची. मी तिला त्या कात्रीसकट समोर बसवली आणि नेहमीप्रमाणे थेट लिनोवर कोरायला घेतले. मी आधी कागदावर काढून ते चित्र उलटवून घेत नाही. तसे करणारे करतात. मला माणूस समोर हवा आणि पाते हातात. मधे कागद आला की चित्रातला जीव जातो.

पहिली प्रत निघाली, दोरीवर वाळत घातली. ती हात पुसत आली आणि बघत राहिली.

“ही कोण?”

मी म्हटले, तू.

“मी कधीपासून उजव्या हातानं कापायला लागले? तीळही तिकडे नेलात. भांगही.” मग डोके मागे घेऊन पुन्हा पाहिले. “बरी आहे बाई. पण ही मी नव्हे. ही माझी सवत.”

छापले की डावे ते उजवे होते, हे काय तिला ठाऊक नव्हते? पण नाव पडले ते पडले. त्या दिवसापासून आमच्या घरात सवत नांदू लागली. मला चहाला उशीर झाला की, तुमच्या त्या उजवीला सांगा. पाहुणे आले की, ही मी आणि ती भिंतीवर आमच्या ह्यांची दुसरी. दुकानातली गिऱ्हाइके चित्र पाहून विचारायची, तुमची बहीण का हो? हुबेहूब तुमच्यासारखी आहे. हुबेहूब असून बहीण. याहून जास्त लागेल असे कोणी काही बोलले नसेल, प्राध्यापकसुद्धा नाही.

एकदा तिच्या वाढदिवसाला मी ओल्या प्रतीवर दुसरा कागद दाबून चित्र पुन्हा सुलट करून दिले. शाईवरून शाई उचललेली, त्यामुळे ते फिके आले. ती म्हणाली, “आता मी मी आहे, पण आजारी आहे.” तो कागद तिने कपाटाच्या तळाशी अंथरला.

आणि गॅलरीवाल्याने प्रदर्शनाच्या पुस्तिकेत काय छापावे? ‘श्रमिक स्त्रीच्या उजव्या हाताची ठाम, आत्मविश्वासपूर्ण पकड.’ तिने जेवताना ते मोठ्याने वाचून दाखवले. डाव्या हाताने घास घेत. हसता हसता तिला ठसका लागला, आणि मी कपाळाला हात लावून बसलो. गॅलरीवाल्याला सांगितले तर तो म्हणाला, सर, आता छापून झालंय.

ती गेली त्याला आता बराच काळ झाला. माझ्या मुलीने, जिला आम्ही धाकटी म्हणतो, आईचे ते छापील चित्र आपल्या घरी लावायला साफ नकार दिला. मला राग आला होता. भावाने आपल्या घरी लावले, चिकटपट्टीने का होईना. हिने का नको? मग एके दिवशी ती माझ्या मागच्या खोलीत जुने कपडे शोधायला गेली आणि बाहेर येईना. जाऊन पाहतो तर शिंपिणीचा ठसा तिने खिडकीशी तिरपा धरला होता. जुन्या शाईने काळा झालेला, कोरलेल्या खाचा तेवढ्या तपकिरी. तिरप्या उजेडात त्यात चेहरा दिसतो. ती त्यावरून बोट फिरवत होती, भांगावरून, तिळावरून, खाली हनुवटीपर्यंत.

“बाबा, आई इथे आहे.”

मी इतकी वर्षे प्रतींवर सह्या केल्या, चौकटी केल्या, भांडलो, आणि ठसे टेबलाखाली रचून ठेवले होते. थेट तिच्याकडे बघत कोरले होते ते यावर. ती डावखुरी यावरच होती. आणि करारानुसार रेघ ओढायची तीही यावरच.

त्यानंतर मी गॅलरीवाल्याला विचारले, रेघ खाली कोपऱ्यात ओढली तर? तो म्हणाला, कोपरा कापून उरलेलं छापता येतं, सर. रेघ चेहऱ्यावरूनच हवी, संग्रहालयाचा माणूस फोटो मागतो. तो खोटे बोलत नव्हता. मुलगा म्हणाला, “एक रेघ तर आहे, बाबा. तुमच्याकडून होत नसेल तर मी मारतो.” मारतो म्हणाला. धाकटी तिथेच होती. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. मुलगा वाईट नाही. व्यवहार अडकला आहे, संग्रहालयाची पत्रे येतात, बाप उत्तर देत नाही. त्याच्या जागी कोणीही कावला असता. पण माझ्या पश्चात ठसा त्याच्या हाती पडला तर काय होईल ते मला कळले.

मी स्वतःही प्रयत्न केला. पाते भांगावर टेकवले. हात कापतो म्हणून नाही जमले, असे मी मुलाला सांगितले. ते त्याने मानले.

करार मोडायचा नव्हता. सही माझी आहे आणि रिवाज मला पटलेला आहे. म्हणून शेवटी चष्मा लावून तो करार नीट वाचला, जे सही करताना करायला हवे होते. त्यात रेघ हा शब्दच नाही. ‘ठसा पुन्हा छापण्यास कायमचा निरुपयोगी करावा,’ एवढेच आहे. मग मी विचार केला. ठसा छापतो कशामुळे? खाचांमुळे. उंच भाग शाई घेतो, खाचा कोऱ्या राहतात. खाचाच बुजवल्या तर?

घरात दाराच्या चौकटीत भरायची लांबी होती, दगडासारखी घट्ट होणारी, पांढरी. आधी एका जुन्या, वाया गेलेल्या ठशावर ती भरून पाहिली. सुकू दिली, घासून सपाट केली, शाई लावली, कागद दाबला. काळा चौकोन निघाला, निव्वळ काळा. तो मी गॅलरीवाल्याला पाठवला आणि विचारले, हे चालेल का? त्याचा उलट फोन आला, सर, हे फार समकालीन आहे, याची आवृत्ती काढू या का? मी फोन खाली ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा उचलला आणि त्याला एकेक शब्द सुटा करून समजावले. तो म्हणाला, लांबी उकरून काढता येईल. मी म्हटले, उकरून बघ. लिनो मऊ असतो, लांबीच्या आधी तोच फाटेल. अखेर तो म्हणाला, माझ्यासमोर शाई लावून दाखवा, काळा चौकोन निघाला तर मी बाद झाल्याचं लिहून देतो.

इथे मी निश्चिंत झालो होतो. पण धाकटीला सांगितले तेव्हा तिने ठसा मांडीवर ओढून घेतला. खाचा भरल्या की चेहरा दिसेल, कायमचा, आईसारखाच डावीकडे डावा. पण बोटाला तो लागणार नाही. ती येते तेव्हा तिरपा उजेड बघत नाही, डोळे मिटून बोट फिरवते, हे माझ्या तोवर लक्षात आले नव्हते. रेघ ओढली तर बोटाला आई राहील, चेहऱ्यावर जखम घेऊन. भरली तर डोळ्याला राहील. दोन्ही मिळायची सोय नाही. असल्या वेळी कवितेत काहीतरी सुचते. मला काही सुचले नाही, चीड मात्र आली, सगळ्यांचीच, आणि जास्त करून लिनोची.

दोन दिवस तिचा फोन नाही. तिसऱ्या दिवशी आली ती बाह्या सरसावूनच.

“भरू या. पण मी भरणार. तुम्ही नुसतं सांगा.”

मी सांगत राहिलो, तिने भरली. आधी पाठीमागचे कापडाचे तागे, मग बाही, कात्री, केस. तागे भरताना तिने विचारले, आई दुकानात काम करताना गाणी म्हणायची का? मी म्हटले, नाही, गिऱ्हाइकांची नक्कल करायची. मग धाकटीने एका गिऱ्हाइकाची नक्कल केली, तिला आठवत होती ती, आणि लांबी थोडी टेबलावर सांडली. हनुवटी शेवटी. तिथे तिने बोट ठेवले आणि बराच वेळ काढले नाही. लांबी वाळत चालली होती. एरवी मी ओरडलो असतो. मग तिने बोट उचलले आणि तीही भरली.

गॅलरीवाला आला, मुलगाही आला. वाळलेल्या, घासलेल्या ठशावर मी शाई लावली, कागद ठेवला, दाबला. काळा चौकोन. गॅलरीवाल्याने लिहून दिले की सदरहू ठसा बाद. मुलाने माझ्या हातातून चिंधी घेतली आणि तेल लावून ठसा पुसला, सांगितल्यावाचून. पांढरे पूर्ण पांढरे झाले नाही, करडे राहिले. तिचे केसही करडेच होते. तो बघत राहिला, मग म्हणाला, आई अशी बसायची. बस, एवढेच.

सबब, माझ्या पश्चात अशी व्यवस्था करावी. शिंपिणीच्या छापील प्रती, म्हणजे सवत, संग्रहालयात आणि विकत घेणाऱ्यांच्या घरी गेल्या आहेत. घरातली उरलेली एक मुलाला, आणि ती तरी त्याने चौकटीत लावावी. भरलेला ठसा मुलीचा. त्यावर मुलाचा, गॅलरीवाल्याचा, संग्रहालयाचा किंवा कलेच्या इतिहासाचा कोणताही हक्क राहणार नाही. घराच्या वाटणीत त्याचा हिशेब धरू नये.

ठसा सध्या बाहेरच्या खोलीत त्याच भिंतीवर लावला आहे जिथे इतकी वर्षे छापील चित्र होते. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर या कागदावर सही करायला आत्ता वर आले. त्यांना मी यातले काही सांगितलेले नव्हते, सांगून सांगून तोंड दुखले आहे. त्यांनी उभ्या उभ्या सही केली, पेन मला परत दिले, आणि दाराशी वळून भिंतीकडे बघत, चप्पल पायात सरकवता सरकवता म्हणाले, “येतो वहिनी.”

छापील चित्राला ते असे कधी म्हणाले नव्हते.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचून पाहिला, आणि तो मला मान्य आहे. शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या सोडल्या तर खाडाखोड दोन ठिकाणी आहे, दोन्ही ठिकाणी प्राध्यापकाबद्दल आधी जास्त कडक लिहिले होते.

लिहून ठेवणाराची सही: (केली. कंपामुळे शेवटचे अक्षर फाटले आहे. ते तसेच असू द्यावे.)

साक्षीदार पहिले: खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. (सही)

साक्षीदार दुसऱ्या: भाषेच्या निवृत्त शिक्षिका, भिंतीपलीकडच्या. (सही. त्यांनी पूर्ण कागद वाचून शुद्धलेखनाच्या चुका पेन्सिलीने दाखवल्या. त्या मी दुरुस्त केल्या.)

ठिकाण: राहते घर, मागची खोली, खिडकीशेजारचे टेबल.

दिनांक: अकरा फेब्रुवारी, सकाळ.